येऊरचे चोवीस तास

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की बाबा माळ्यावरून काळी पत्र्याची पेटी काढायचे. तिच्यात दहा-दहा मीटर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, नायलॉनची दोरी, कोॲक्स केबलची गुंडाळी, मोर्सचे संकेत टिकटिकवायची पितळी की आणि एक गलोल. गलोल बघून शेजारचे आजोबा दर वर्षी विचारायचे, "काय, पाखरं मारायला?" आणि बाबा दर वर्षी तितक्याच शांतपणे सांगायचे, "नाही हो, अँटेना टांगायला."

आमच्या हौशी रेडिओ क्लबचा वार्षिक मेळावा प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे येणारा शनिवार-रविवार धरून ठाण्याच्या डोंगरातल्या येऊरला भरायचा. शनिवारी दुपारी बारा ते रविवारी दुपारी बारा. एका सभासदाच्या नातेवाइकांची तिथे वाडी होती. कौलारू घर, मागे विहीर आणि दोन थोराड आंबे. त्या दोन आंब्यांमधलं अंतर चाळीस मीटर लांबीच्या लहरींच्या बँडच्या डायपोलला, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या वीस मीटर तारेच्या अँटेनाला, अगदी मापात बसायचं, म्हणूनच ती जागा ठरली होती असं मला लहानपणी वाटायचं. घरातली वीज वापरायची नाही हा मेळाव्याचा नियम. ट्रकची जुनी बॅटरी, तिच्यावर सेट, झाडावर तार. एवढ्यावर जग गाठायचं. कधी वीज, फोन, सगळंच बंद पडलं तर काय करायचं, त्याची ही तालीम असते. तालमीला इतकी मजा येते ही गोष्ट वेगळी.

मी पहिल्यांदा गेले ती १९९४ साली. तेव्हा नऊ वर्षांची होते. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री नऊ वाजता 'नेट' लागायचं. म्हणजे क्लबचे सगळे जण ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर येऊन आळीपाळीने हजेरी लावायचे. कॉलसाइन (म्हणजे रेडिओवरचं परवान्याचं नाव), सिग्नल रिपोर्ट, हवापाणी, कोणाच्या ट्रान्समीटरचा कुठला व्हॉल्व्ह गेला, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं. मी अंथरुणात पडून ते आवाज ऐकत झोपायचे. कळव्याच्या काकांचा आवाज तर असा भरदार, की ते सहा फूट उंच आणि मोठ्या मिशांचे असणार याबद्दल मला शंकाच नव्हती. येऊरला एक बुटके, सडपातळ, हातविणीचा स्वेटर घातलेले गृहस्थ थर्मासमधून चहा ओतत होते. त्यांनी मागून बाबांच्या कॉलसाइनने हाक मारली आणि मी गर्रकन वळले. आवाज तोच. मी कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते.

हे सगळ्यांचंच व्हायचं. वर्षभर रोज रात्री बोलणारी माणसं एकमेकांना वर्षातून एकदा दिसायची. आडनावं फार कमी जणांना ठाऊक असत. अंबरनाथच्या काकांनी मुलाच्या लग्नाची पत्रिका पाठवली तेव्हा पाकिटावर पत्ता होता, पण नावाच्या जागी 'व्हीयू टू'ने सुरू होणारा बाबांचा कॉलसाइन. पोस्टमनने तो मोठ्याने वाचून दाखवला होता. शिवाय हे सगळे पुरुष एकमेकांना 'ओल्ड मॅन' म्हणत, मग तो कॉलेजातला पोरगा का असेना. बायकांना मात्र वय काहीही असो, 'यंग लेडी'. आईला हा नियम फार पसंत होता.

अँटेना चढवण्याचा सोहळा बघण्यासारखा. गलोलीला मासेमारीचा बारीक दोरा बांधलेली शिशाची गोळी लावायची, आंब्याच्या वरच्या दुबेळक्यातून ती पलीकडे काढायची, दोऱ्यामागून दोरी आणि दोरीमागून तार. तीनदा तरी गोळी अडकायची. पाड्यातली मुलं जमायची आणि शेवटी त्यांच्यातलाच कोणीतरी सरसर वर चढून दोरी सोडवून द्यायचा. मग तार सेटशी कितपत जुळली ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरवर सगळ्यांच्या माना. काटा फार वर गेला की तार दोन्हीकडून बोटभर कापायची आणि पुन्हा चढवायची. कापताना बाबांचा हात थरथरायचा, कारण जास्त कापली तर पुन्हा जोडकाम.

सगळं जुळलं की मुलांना वाटायचं, आता बोलायचं. पण कळव्याचे काका कोणालाच माइक देत नसत. "आधी ऐक. दहा मिनिटं नुसतं ऐक. कोण बोलतंय, कोणाचं चाललंय, आपली गरज आहे का, ते बघ. मग बोल." मला तेव्हा कंटाळा यायचा. कानाला हेडफोन, आत नुसती खरखर. पण त्या खरखरीतून हळूहळू पुणं वर यायचं, मग नाशिक, मग कोल्हापूर. सात मेगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच चाळीस मीटर बँडवर, दिवसा जवळपासचीच ठिकाणं लागतात, कारण उन्हात आयनांबराचा (वातावरणातल्या खूप वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा) खालचा थर लांबच्या पल्ल्याच्या लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, वरचा थर त्याच लहरी हजारो किलोमीटर दूर परतवतो, आणि बँड 'उघडतो'. संध्याकाळी सात-साडेसातला कौलावर अंधार उतरायचा, बायका कंदील लावायच्या, आणि सेटमधून ओमान, कुवेत, कधी जपान यायला लागायचं. विहिरीपाशी बसून जपान ऐकताना अंगावर काटा यायचा. अजूनही येतो.

रात्री लहान मुलांना अंगणाबाहेर जाऊ देत नसत. येऊर म्हणजे बिबट्याचा मुलूख. त्यामुळे आम्ही ओसरीवर गोधड्या घेऊन पडायचो आणि आतून मोर्स ऐकू यायचा. तिथेच मी शिकले. कोणी शिकवलं नाही. ७३ म्हणजे 'सप्रेम नमस्कार', हे सगळ्यात आधी आलं, कारण त्याची लय सुंदर आहे (दि आखूड, दा लांब): दा दा दि दि दि, दि दि दि दा दा. उलट वाचलं तरी तेच.

ओसरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी क्यूएसएल कार्डं टांगलेली असत. संपर्क झाल्याची पावती म्हणून एकमेकांना पाठवायची ती पोस्टकार्डं. ती कार्डांची देवघेव करणाऱ्या ब्यूरोमार्फत गठ्ठ्यांनी फिरत फिरत येतात आणि पोचायला वर्षानुवर्षं लावतात. बाबांकडे एक कार्ड होतं, संपर्क १९९० चा, कार्ड हातात पडलं १९९३ मध्ये. त्यावर देशाचं नाव सोव्हिएत संघ. देश विसर्जित झाला होता आणि त्याची पावती नौपाड्यात येऊन पोचली होती. मेळाव्यात ते कार्ड आई दर वर्षी मधोमध लावायची.

रविवारी सकाळी मामलेदारची मिसळ डब्यांतून वर यायची. तर्रीने डोळ्यांत पाणी आलेल्या अवस्थेतच फॉक्स हंटला निघायचं. आम्ही त्याला 'कोल्हा' म्हणायचो. एक छोटा ट्रान्समीटर कुठेतरी लपवलेला असतो, तो ठरावीक वेळाने पिप्-पिप् करतो आणि सगळ्यांनी तो शोधायचा. ज्यांच्याकडे यागी, म्हणजे एकाच दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना, त्यांचं काम सोपं. पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे लावून केलेली, झाडीत शिरताना वाकते, मोडत नाही. माझ्याकडे बाबांचा नुसता हँडसेट. कळव्याच्या काकांनी युक्ती सांगितली: सेट छातीशी घट्ट धर आणि जागच्या जागी फिर. जिथे आवाज सगळ्यात बारीक होईल, तिथे कोल्हा तुझ्या पाठीमागे. अंगच आडोसा होतं. त्या वर्षी कोल्हा उपवनच्या तळ्याकाठी एका पेरूवाल्याच्या गाडीत, पेरूंखाली ठेवला होता. पेरूवाल्याला सांगून, अर्थात. पण तासाभराने तिथे गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तो गाडी ढकलत पुढे निघाला. यागीवाले मोठे लोक आधीच्या खुणांवरून नकाशावर रेघा मारत बसले, त्या रेघा काही केल्या एका जागी मिळेनात. मी आपली गोल फिरत, चालत, पुन्हा गोल फिरत गाडीपर्यंत पोचले. पेरूवाल्याने कोल्ह्याबरोबर एक पेरूही दिला. बक्षीस म्हणून मिळालेली सोल्डरिंग आयर्न अजून माझ्या टेबलावर आहे.

२००५ चा मेळावा मात्र वेगळा होता. महिनाभरापूर्वी, २६ डिसेंबरला, सुनामी आली होती. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओचं पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्येच होतं. अंदमानातून हौशी स्टेशन चालवायची परवानगी तेव्हा क्वचित मिळायची, म्हणून जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, त्या 'व्हीयू फोर आरबीआय' कॉलसाइनच्या स्टेशनची वाट बघत बँडवर गर्दी करून होते. जमीन हादरली आणि हौसेसाठी नेलेले तेच सेट बेपत्ता माणसांची खबर द्यायला लागले. त्या आठवड्यात बाबा रात्र रात्र रिसीव्हरपाशी बसले. एकदाही बोलले नाहीत. तातडीचे निरोप चालू असताना फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवायची, एवढंच आपल्या हातात असतं. येऊरला त्या वर्षी चालीरीतीप्रमाणे अँटेना चढली, पण संध्याकाळभर तोच विषय. कोणी काय ऐकलं, किती वाजता ऐकलं, वह्या उघडून एकमेकांना वाचून दाखवत होते.

आणि सहा महिन्यांत आपल्यावरच वेळ आली. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल थांबल्या, फोन लागेनात. आमची वीज गेली तशी बाबांनी ती काळी पेटी उघडली. विक्रोळीचे, कळव्याचे, मुलुंडचे असे आमचे पाच-सहा जण बॅटरीवर हवेत होते. चाळीतल्या एका काकूंचा मुलगा विक्रोळीला कचेरीतच थांबलाय आणि सुखरूप आहे, हा निरोप पहाटे दोनच्या सुमारास आला. तो कागदावर लिहून घेऊन मी खालच्या मजल्यावर गेले होते. काकूंनी तो कागद बरीच वर्षं देवघरात ठेवला होता.

त्याच वर्षी ५ मे रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोने कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट सोडला होता. हौशी रेडिओवाल्यांसाठी बनवलेला, ४२.५ किलोचा भारताचा उपग्रह. पुढच्या जानेवारीत येऊरला आम्ही तो ऐकला. अंबरनाथचे काका यागी हातात धरून आभाळात उपग्रहाच्या वाटेने फिरवत होते आणि मी सेटची घुंडी हळूहळू खाली आणत होते, कारण उपग्रह वेगाने जवळून जातो तसा आवाजाचा सूर सरकत राहतो, आगगाडीच्या शिटीसारखा. दहा-बारा मिनिटं. कोणी दक्षिणेतला ऑपरेटर कोणाला तरी ७३ देत होता. उपग्रह येऊरच्या डोंगरामागे गेला तेव्हा अंगणातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी साडेअकराला, तारा उतरवायच्या आधी, वर्षभरात गेलेल्यांची हजेरी होते. हॅम गेला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात. सरावाच्या ऑसिलेटरवर त्याचा कॉलसाइन एकदा वाजवायचा आणि अर्धा मिनिट गप्प राहायचं. भाषण नाही, हार नाही. कळव्याचे काका गेले त्या वर्षी काकू त्यांची की घेऊन आल्या होत्या. काकूंना मोर्सचं एक अक्षर येत नव्हतं. कॉलसाइन वाजवायचं काम माझ्याकडे आलं. तोवर अकरावीत असतानाच गोराईच्या मॉनिटरिंग स्टेशनात परीक्षा देऊन मी माझा कॉलसाइन मिळवला होता, हात चांगला बसला होता. मी वाजवलं. काकू म्हणाल्या, "शेवटचं अक्षर ते जरा लांबवायचे गं." तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं. मी पुन्हा वाजवलं, शेवटचा 'दा' लांबवून. त्या म्हणाल्या, "हां. हे त्यांचं."

आता घोडबंदर रस्त्याकडचे, खारघरचे, ऐरोलीचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी येतात. त्यांच्याकडे लॅपटॉप असतो आणि एफटी-८. २०१७ साली जो टेलर या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने स्टीव्ह फ्रँक यांच्यासोबत काढलेली पद्धत. पंधरा-पंधरा सेकंदांच्या खेपांत, कानाला ऐकूही येणार नाही इतक्या क्षीण सिग्नलवर संगणक संपर्क साधतो. ती फार हुशार गोष्ट आहे आणि मुलं त्यात तरबेज आहेत. पण येऊरला त्यांनी माइक आणि की यांच्यापाशी बसावं असं मला मनापासून वाटतं, आणि मी त्यांना तसं सांगते. दहा मिनिटं नुसतं ऐकायलाही लावते.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. त्यांना बोलणं नीट ऐकू येत नाही. शब्द एकमेकांत मिसळतात. नेटवर यायचं त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केलं. या जानेवारीत ते येणारच नव्हते, "मी तिथे नुसता बसून काय करू?" आम्ही नेलं. ते थोडा वेळ आंब्याखाली खुर्चीत बसले आणि मग आपणहून उठून मोर्सच्या टेबलापाशी गेले. हेडफोन घातला, सूर आपल्याला हवा तसा खाली आणला आणि पेन्सिल मागितली. बोलणं पुसट होतं तरी तो एक सूर त्यांना लख्ख ऐकू येतो. मुलं मागे उभी राहून बघत होती. बाबांच्या कागदावर कॉलसाइनांची ओळ भरभर वाढत चालली होती.

चारच्या सुमारास मी चहा विचारायला गेले. हाक ऐकू जायची नाही, म्हणून खांद्यावर बोटाने वाजवलं. इंग्रजीतला चहा मोर्समध्ये अगदी छोटा आहे: दा, दि, दिदा. त्यांनी वर बघितलं नाही. उजवा हात लिहीतच होता. डाव्या हाताच्या बोटाने त्यांनी टेबलावर उत्तर दिलं, दि दा दि. मिळालं.