शुक्रवारचं संत्रं

इथे लेस्टरमध्ये लेकीच्या वर्गात दर शुक्रवारी वीस मिनिटं 'वर्णन' असतं. टेबलावर एक वस्तू ठेवायची आणि लिहायचं. कधी गंजलेली किल्ली, कधी भिजलेला बूट. 'छान', 'सुंदर', 'गोड' हे शब्द बंद. गेल्या शुक्रवारी संत्रं होतं. अर्धवट राहिलेलं वर्णन घरी आणून म्हणाली, "आई, तू तर संत्र्यांच्या गावची. तिथलं कसं असतं?"

"गोड."

"ते बंद आहे."

"आंबटगोड."

"त्यात पण गोड आहे."

पुढे शब्दच सुचेना. राग आला तो नागपुरातल्या महाल भागातल्या माझ्या शाळेचा. दहा वर्षं निबंध लिहिले. समुद्रकिनाऱ्यावरचा सूर्यास्त तर इतक्यांदा, की लाटा पाठ होत्या. समुद्र प्रत्यक्ष पाहिला बाविसाव्या वर्षी! पावसाळा लिहिला तो कोकणातला. आणि ज्यात आम्हा नागपूरकरांचा हात कुणी धरणार नाही तो उन्हाळा 'रखरखीत ऊन' या दोन शब्दांत संपायचा. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं की येणारा वास, गच्चीवर संध्याकाळी बादल्या ओतून मग टाकलेल्या गाद्या, पंचेचाळीस अंशांत खिशात कांदा ठेवून निघालेले आजोबा, हे कधी वहीत आलंच नाही. बाईंनी मुद्दे दिलेले असायचे, शेवटी सुविचार हवाच.

पण बाईंना तरी किती बोल लावायचा? साठ वह्या तपासायच्या होत्या त्यांना. शिवाय आम्ही फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहायचो, शाळेच्या घंटेचं मनोगत लिहायचो. इथली पोरं बुटाकडे बाहेरून बघतात, आम्ही बूट होऊन बोलायचो. हे काही कमी नाही. आणि घोकंपट्टी इथेही आहेच. 'फ्रंटेड ॲडव्हर्बियल' नावाचं एक प्रकरण राष्ट्रीय अभ्यासक्रमातच आहे. वाक्याच्या सुरुवातीला केव्हा, कुठे, कसं ते टाकायचं आणि पुढे स्वल्पविराम द्यायचा. आपण "काल संध्याकाळी बर्डीवर" म्हणतच तोंड उघडतो, त्याचं कधी कुणी बारसं केलं नाही.

इथल्या दुकानात तर पिशवीवर नुसतं 'ईझी पीलर' लिहिलेलं असतं. सोलायला सोपं. फळाचं नाव आहे की डब्याच्या झाकणावरची सूचना?

शेवटी बाबांना फोन लावला. "इतके वर्षं इथं राहून विसरून गेली का तू?" म्हणाले. "साल सांग तिला. सैल असते, आतल्या फोडींना चिकटून राहत नाही. वरून दाबलं तर पोकळ लागते. नख लावलं की तेल उडते, बोटाचा वास जेवणापर्यंत जात नाही. अन् फोडी मोजून पाहा म्हणा, दहा-बारा निघतात."

लेकीने लिहिलं, की नागपूरच्या संत्र्याची साल आजोबांच्या स्वेटरसारखी आहे, आत अजून एक माणूस मावेल. मी दोनदा वाचलं. आपल्याला बापजन्मात सुचलं नसतं.

सोमवारी वही परत आली. खाली हिरव्या शाईत शेरा: फ्रंटेड ॲडव्हर्बियल कुठे आहे?

मग तिने वाक्याच्या आधी 'दर डिसेंबरात' जोडलं, स्वल्पविरामासकट. फोनवर बाबांना वाचून दाखवलं तर ते उखडले. "डिसेंबरात काय? तो आंबिया बहार झाला. मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चात येते, ते कुठं गेलं?"