हळूहळू चढलो असतो की : आमची वाटचाल

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. सोलापुरात गिरणीत त्यांची 31 वर्षं गेली. गिरणी बंद पडल्यावर नव्या पेठेत एका दुकानात हिशेब लिहायचे. सपाट गावात जन्म, सपाट गावात नोकरी. डोंगर पाहिला तो दुकानातल्या कॅलेंडरवर. 2013 च्या हिवाळ्यात आम्ही भावंडांनी पैसे काढून त्यांना आणि आईला एका सहलीत बसवून दिलं. तीन दिवस, अकरा ठिकाणं. परत आले तेव्हा मी स्टँडवर घ्यायला गेले, तर अण्णा गप्प. रिक्षात आईने सांगितलं, "प्रतापगडाला यांना वर नेलंच नाही. तो पोरगा म्हणाला, काका, तुम्ही गाडीतच बसा, तुमच्यामुळं सगळ्यांना उशीर होतोय." अण्णा रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "हळूहळू चढलो असतो की."

वय झालेल्या माणसांसाठी सावकाश सहली काढायचा आमचा व्यवसाय या एका वाक्यातून उभा राहिला. आज त्याला बारीकसारीक नियम आहेत, रजिस्टर आहे, ठरलेले ड्रायव्हर आणि ठरलेली मुक्कामाची घरं आहेत. पण मुळात सांगायचं ते एवढंच, की वय झालेल्या माणसाला डोंगर झेपतो, त्याला घाई झेपत नाही.

तेव्हा मी तिकीट बुकिंगच्या एका ऑफिसात कामाला होते. गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ, डोंगराची माहिती शून्य. माझे मिस्टर शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणाले, "आधी देवदर्शनाच्या ट्रिपा काढू, त्या चालतात." मी नाही म्हणाले. साठीनंतर माणसाला फक्त देव दाखवायचा, हे मला पटत नाही. देव बघावाच, पण त्याच्या आजूबाजूचा कातळ, झाड, पाणी, तिथली माणसं हेही बघावं आणि समजून घ्यावं. माझ्या आईला सातवीनंतर शाळेतून काढलं होतं. तिची शिकायची हौस काही संपलेली नव्हती.

पहिली सहल 2014 ची, दिवाळीनंतरची. 14 माणसं, भीमाशंकर, दोन मुक्काम. भीमाशंकरच का, तर भीमा तिथून निघते म्हणून. चार-चार दिवसांआड नळ येणारं गाव आमचं. ते पाणी उजनीचं, म्हणजे भीमेचंच. जन्मभर जिच्या पाण्याची वाट बघितली, ती नदी येते कुठून हे आमच्यापैकी एकानेही पाहिलेलं नव्हतं.

मंदिराला जायला बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे तेवढ्याच पुन्हा चढायच्या. लोक तासाभरात दर्शन उरकून गाडीला लागतात. आम्ही सकाळी सातला निघालो आणि दुपारचं जेवण होईपर्यंत दुसरं काहीच ठेवलं नाही. दर दहा-पंधरा पायऱ्यांना थांबायचं, थांबलं की बोलायचं. त्या थांबण्यातच एका काकांना शेकरू दिसला. खार म्हणावी तर मांजराएवढी, तांबूस पाठ, शेपूट अंगाहून लांब, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झेप घेत गेला. आपल्या राज्याचा हा प्राणी, आणि त्याच्याचसाठी हे रान राखलेलं आहे. धावतपळत गेलो असतो तर वर मान करायला कुणाला सवड झाली असती?

दुसऱ्या दिवशी रानातल्या वाटेने गुप्त भीमाशंकरला गेलो. नदी मंदिरापाशी लुप्त होते आणि इथे पुन्हा प्रकटते, अशी श्रद्धा आहे. कार्तिकातलं पाणी, हाताच्या पंजाएवढी धार. बाळे भागातल्या एक मावशी आमच्यासोबत होत्या, वय 72. त्या खडकावर बसल्या, धारेत हात धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "हीच का गं ती?" पिशवीतून औषधाची रिकामी, धुतलेली बाटली काढून त्यांनी ती भरून घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. नळ आला होता, त्यांनी हंडा भरला आणि त्यात ती बाटली ओतली. "माहेरचं पाणी सासरी आणून घातलं बघ," म्हणाल्या.

तेव्हापासून या सहलीचा शेवटचा दिवस आम्ही आपल्याच जिल्ह्यात ठेवतो. पंढरपूरला हीच भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा. पुढे दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला तिला सीना मिळते. त्या संगमावरच्या देवळात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. जो वाचील तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ लावतात. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन ठेवलाय, आणि तो आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर! निवृत्त शिक्षक असलेले एक गुरुजी त्या अक्षरांवरून नुसतं बोट फिरवत उभे होते. त्यांना हलवायचा धीर मला झाला नाही.

दुसरी वाट वाई, महाबळेश्वर आणि कासची. ही 2016 पासून, सप्टेंबरच्या शेवटी. वाईला मराठी विश्वकोशाचं काम जिथून चालतं ते ऑफिस आहे, हे कळल्यावर आमच्या शिक्षक मंडळींनी गणपतीच्या दर्शनाआधी तिकडेच चला म्हणून हट्ट धरला. पण या सहलीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट मातीची आहे.

मंगळवेढ्याचे एक शेतकरी आले होते. ज्वारीच्या काळ्या रानात वय गेलेले, त्यामुळे कुठेही उतरले की आधी खाली वाकून माती बघायची. कासच्या पठारावर तांबडी माती चिमटीत चुरून त्यांनी विचारलं, "सर, डोंगर तर काळा आहे, मग माती तांबडी कशी?" मिस्टरांचा चेहरा असा खुलला! त्यांनी सगळ्यांना तिथेच बसवलं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून हा काळा कातळ झाला. मंगळवेढ्याच्या रानाखालीही तोच आहे. आपल्याकडे पाऊस वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास. कातळ सावकाश झिजतो, चुना-बिना मातीतच राहतो, आणि ओल धरून ठेवणारी काळी माती होते. इथे घाटमाथ्यावर, महाबळेश्वरला तर 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस. एवढ्या पाण्याने कातळातलं बाकी सगळं धुऊन जातं, मागे लोखंडाचा अंश राहतो आणि तो गंजतो. तोच तांबडा जांभा. या जांभ्यावर मातीचा थर जेमतेम, त्यात कस नाही, म्हणून इथे मोठं झाड रुजत नाही, बारकी फुलं फुलतात. तिथलीच दवबिंदू नावाची वनस्पती पानावरच्या चिकट थेंबांत किडे पकडून पोट भरते, कारण जमिनीतून तिला पुरेसं मिळत नाही.

शेतकरीमामा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे आमची काळी आई आणि ही तांबडी, सख्ख्या बहिणी. एक कमी पावसात दिली, एक जास्त पावसात दिली." त्यानंतर मिस्टर हा धडा दरवेळी याच शब्दांत शिकवतात.

त्याच वर्षी अण्णा प्रतापगड चढले. 2 तास 10 मिनिटं लागली. वर जाऊन भवानीमातेला नारळ दिला, बुरुजावर बसून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली. त्याबद्दल ते फारसं कधी बोलत नाहीत.

चुका झाल्या, त्याही सांगायला हव्यात. एका सहलीत घाटात गाडी बंद पडली आणि नाश्त्याला अडीच तास उशीर झाला. एका काकांनी इन्सुलिन वेळेवर घेतलं होतं आणि पोटात काही नव्हतं. त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. सोबतच्या एका काकूंनी ओळखलं आणि साखर घोळलेलं पाणी पाजलं, म्हणून निभावलं. ती चूक माझी होती. गाडीत खाण्याचा डबा असायला हवा होता आणि खाणं समोर आल्याशिवाय इन्सुलिन घेऊ नका, हे मी सांगायला हवं होतं. आता प्रत्येक गाडीत राजगिऱ्याचे लाडू, ग्लुकोज आणि केळी असतातच, आणि नाश्त्याच्या वेळेत बदल करायचा अधिकार कुणालाच नाही, मलासुद्धा.

मुक्कामाचं घर मी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय ठरवत नाही. कमोड आहे का, धरायला दांडी आहे का, पलंगापासून संडासापर्यंत पावलं किती, रात्री दिवा कुठला, पायऱ्या किती आणि त्या उंच आहेत का बुटक्या, हे सगळं रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. एका मालकाने हसून विचारलं होतं, "मॅडम, रूम बघायला आलाय का पायऱ्या मोजायला?" पायऱ्या मोजायलाच गेले होते. चढताना दम लागतो, पण गुडघा दुखतो तो उतरताना, म्हणून उतरणीला प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काठ्या. आणि चालायचा वेग एकच : चालता चालता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं.

2018 मध्ये पहिल्यांदा हिमालयात गेलो. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीने काठगोदाम, पुढे अल्मोडा, जागेश्वर, कौसानी. लडाख करा, केदारनाथ करा, असं खूप जणांनी सुचवलं. मी उत्तराखंडातल्या या कुमाऊं भागावर ठाम राहिले. साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि आमची माणसं 460 मीटरवरून जाणार, निम्म्यांना रक्तदाबाच्या गोळ्या. आमचे सगळे मुक्काम 2,000 मीटरच्या आत असतात. कौसानीच्या गच्चीतून पहाटे नंदादेवी दिसतं, 7,816 मीटर. ते बघायला त्यावर चढावं लागत नाही. हातात चहाचा कप, अंगावर सोलापुरी चादर, एवढं पुरतं.

अल्मोड्याजवळच्या गावात बायकांनी आम्हाला ऐपण शिकवलं. गेरूने सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने बोटांनी नक्षी काढायची. आमच्या काकूंचा हात रांगोळीला बसलेला, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळ्या घालणाऱ्या बायका त्या. पण कोरडी पूड चिमटीतून सोडणं वेगळं आणि ओलं पीठ बोटावरून ओघळू देणं वेगळं. पहिला तासभर नुसते ओघळ. मग जमलं.

त्याच गावात लोकरीच्या शाली विणणारा एक हातमाग होता. आमच्यात सोलापूरच्या पूर्व भागातले एक मामा होते, वय 68. घरात तेलुगू, बाहेर मराठी, 40 वर्षं चादरीच्या मागावर काम केलेलं. मागावर एक तरुण मुलगी बसली होती. मामा दारातच थबकले. ताण्यातला एक धागा तुटला. मुलीच्या लक्षात यायच्या आत मामा पुढे झाले, दोन्ही टोकं चिमटीत धरली, अंगठा फिरला आणि गाठ पडली. इतकी बारीक, की फणीतून सरकताना अडकली नाही. मुलीने वर बघितलं. मामांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "इंच में कितना धागा?" त्यानंतर दोन तास दोघं तिथेच. मध्येच तिने त्यांना बसायला जागा दिली, त्यांनी धोटा हातात घेऊन वजन बघितलं आणि चार हात टाकले. बाहेर आले तेव्हा मला म्हणाले, "आमच्याकडं खडखडाटात शेजारचा काय बोलतो कळत नाही. हिथं विणता विणता बोलता येतंय."

त्या दुपारी संग्रहालय बघायचं ठरलेलं होतं. मी ते रद्द केलं. रात्री जेवणानंतर मामांनी सगळ्यांना सुतळीचे दोन तुकडे देऊन विणकराची गाठ शिकवली. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब पंधरा वेळा चुकले, पण सोडेनात. आमचा धंदा त्या रात्री बदलला असं मी मानते. तोवर आम्ही शिकवणारे आणि ते शिकणारे होते. आता प्रत्येक सहलीत एक संध्याकाळ येणाऱ्यांची असते. कुणी धपाटे थापायला शिकवतं, कुणी कानडी वचनं म्हणून अर्थ सांगतं. एका निवृत्त पोस्टमनकाकांनी तर पत्ता चुकलेलं पत्र घरापर्यंत कसं पोचवायचं, यावर तासभर सांगितलं होतं.

मार्च 2020 मध्ये सगळं थांबलं. एप्रिलच्या कुमाऊंसाठी 16 जणांचे पैसे आमच्याकडे होते. रेल्वेचे परत आले. एका हॉटेलवाल्याने ॲडव्हान्स दिलाच नाही. पण आमच्या माणसांनी पैसे आमच्या हातात दिले होते, त्यामुळे ठेव मोडून सगळ्यांचे चुकते केले. त्याच मार्चमध्ये रेल्वेची ज्येष्ठांची सवलतही गेली, आणि पुन्हा सुरू केलं तेव्हा माणशी खर्च बराच वाढलेला होता. त्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी पाचला आम्ही फोनवर एकत्र यायचो. प्रत्येकाने पाहिलेली एक जागा सांगायची. बाळ्याच्या मावशींनी त्या धारेचं वर्णन तीनदा केलं. 2021 च्या मे महिन्यात त्या गेल्या.

2022 पासून पुन्हा वर्षाला पाच सहली काढतो. एका तुकडीत 16 च्या वर माणसं घेत नाही. आणखी वाढवा असं सांगणारे भेटतात, पण 17 व्या माणसासाठी थांबायला माझ्याकडे वेळ उरणार नाही.

ऑक्टोबरच्या कुमाऊंची तयारी आता चालू आहे. सोलापुरात चढ नाही, म्हणून आठवड्यातून तीनदा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला फेऱ्या आणि दोनदा आमच्या बिल्डिंगचा जिना. अण्णा आता 79 चे आहेत, लांबच्या प्रवासाला येत नाहीत, पण जिन्याच्या दिवशी तळमजल्यावर खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसतात. या तुकडीत एक काकू 81 वर्षांच्या आहेत. मुलगा म्हणतो नको, डॉक्टर म्हणाले हळूहळू जाऊ दे. मंगळवारी त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत बोलत बोलत गेल्या, चौथ्याला बोलणं तुटलं, तिथेच बसल्या. पाचवा मजला बोलत गाठला की मी त्यांचं तिकीट काढणार आहे. खालची बर्थ बघून ठेवली आहे.