सुरईच्या पोटावरचं पोक

आजची संध्याकाळ ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सुरईच्या बाह्यरेषेवर गेली. ढोबळ आकार कालच उभा राहिला होता, आज फक्त वळणं साफ करायची होती. ‘फक्त’ म्हणायचं ते आपलं उगाच.

पोटाकडून मानेकडे जाताना रेषेला किंचित पोक आलं होतं. नुसत्या रेषेत ते जाणवतही नव्हतं; पण स्क्रू मॉडिफायरने ती गोल फिरवली आणि त्या पोकाचं सुरईभर कडं झालं. अशा वेळी हात आपसूक नवा बिंदू घालायला जातो. पण बिंदू आला की त्याची दोन हँडलं (रेषा वळवायच्या दांड्या) आली, म्हणजे बिघडायला आणखी दोन जागा. म्हणून मी पोकातला बिंदूच उडवला आणि पोटावरच्या बिंदूचं वरचं हँडल लांब ओढलं. पोट बाहेर, मान आत, हे उलटसुलट वळण दोन बिंदूंमधल्या एकाच तुकड्यात सहज बसलं.

रेषा कुठल्या बाजूला निघणार हे हँडलच्या दिशेवर, आणि त्या दिशेला किती रेंगाळणार हे लांबीवर. सगळ्यात फुगीर जागी हँडल अगदी उभंच हवं. जरा कललं की फुगवटाच वर-खाली सरकतो.

रिझोल्यूशन (दोन बिंदूंमधली रेषा किती छोट्या सरळ भागांत दाखवायची तो आकडा) १२ वरून २४ केल्यावर कंगोरे गेले, पण त्याने पोक गेलं नसतं. वाकडी रेषा जास्त बारकाईने वाकडी दिसली असती, इतकंच.

हँडलांनी वळणाऱ्या या वक्रांना नाव मिळालं ते रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांचं. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी तेच गणित १९५९ मध्ये मांडलं होतं, पण कंपनीने ते गुलदस्त्यात ठेवलं. दोन्ही मोटारींचे कारखाने! पत्र्यावर उजेड पडला की लपवाछपवी चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

तीच कसोटी सुरईलाही लावली. पट्टेरी मॅटकॅप (पृष्ठभागावर उजेड कसा पडेल ते दाखवणारं तयार चित्र) चढवला, तर पोटावर पट्टे एकदम आवळलेले. हँडलं अलाइन्ड, म्हणजे एका सरळ रेषेत, होती, त्यामुळे कोपरा नव्हता. पण वरचं लांब आणि खालचं आखूड, म्हणून वळणाचा जोर मध्येच बदलत होता. खालचं थोडं वाढवल्यावर पट्टे बरेच सैलावले. पुरते नाहीत, पण एवढ्यावर मी खूश आहे.

तळाशी मात्र मला कडक कोपराच हवाय. तिथलं हँडल फ्री, म्हणजे जोडीच्या हँडलपासून सुटं, करून ठेवलंय. काठाची जाडी उद्या बघू.