तीन नंबरचा माणूस

20 मे 2024, सोमवार. इंग्लंडमधल्या रग्बीच्या प्रीमियरशिपचे साखळी सामने शनिवारी संपले होते, उपांत्य सामने अजून अकरा दिवसांवर होते. या मधल्या फटीत आमच्याकडे मोसमाचा सर्वोत्तम संघ निवडतात. निवडणारे पाच जण: रग्बीवर लिहिणारे दोन पत्रकार, एक निवृत्त रेफरी, महिला रग्बीत स्क्रम-हाफ (पुढच्यांकडून आलेला चेंडू मागच्यांना पास करणारा नऊ नंबर) म्हणून खेळलेल्या एक बाई आणि एक माजी प्रॉप, म्हणजे पुढच्या रांगेत रेटा देणारा खेळाडू. मी सहावा, पण मला मत नाही. लॅपटॉप उघडा ठेवायचा, कुणी आकडा विचारला की सांगायचा, एवढंच.

माझं रोजचं काम सामन्यांच्या व्हिडिओवर खुणा करण्याचं. आम्ही त्याला टॅगिंग म्हणतो. कोणी टॅकल केला, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडलं, कोणाचा हुकला, मग चेंडूवर जी झुंबड उडते त्या रकमध्ये कोण आधी पोचलं, पेनल्टी कोणामुळे मिळाली, प्रत्येक गोष्टीला एक बटण. ऐंशी मिनिटांचा सामना टॅग करायला माझा अख्खा दिवस जातो. त्यातून जे आकडे निघतात ते पुढे लेखांत, समालोचनात, खेळाडूंच्या करारांच्या वाटाघाटींतसुद्धा फिरत असतात. त्यामुळे आपण फार महत्त्वाचं काहीतरी करतो असं वाटायला लागतं. त्या सोमवारपर्यंत मलाही वाटत होतं.

पद्धत अशी की प्रत्येकाने आपले पंधरा जण आधीच चिठ्ठीवर लिहून द्यायचे. जिथे एकमत असेल ती जागा पक्की, बाकीच्या जागांवर चर्चा. अट एकच: साखळीच्या 18 सामन्यांपैकी निदान नऊ खेळलेला असावा. ही अट त्या वर्षी जरा जाचकच होती. वर्ल्ड कप 28 ऑक्टोबर 2023 ला संपला आणि लीग त्याच्या आधीच सुरू झाली होती. म्हणजे जे सगळ्यात चांगले ते सुरुवातीला देशाकडून खेळत होते, आणि परत आले ते दमून, काही तर पट्ट्या बांधून. जो सगळ्यात चांगला त्याने क्लबसाठी सगळ्यात कमी सामने खेळायचे, हे या खेळातलं दुखणंच आहे.

चिठ्ठ्या मोजणं माझ्याकडे होतं. रग्बीत नंबर म्हणजे मैदानावरची जागा. नऊ नंबरवर नॉर्थम्प्टनचा अॅलेक्स मिचेल, पाचच्या पाच. दहा नंबरवर, म्हणजे संघाची चाल ठरवणाऱ्याच्या जागी, मात्र घोळ झाला. दोन मतं बाथच्या फिन रसेलला, दोन नॉर्थम्प्टनच्या फिन स्मिथला. पाचवी चिठ्ठी त्या माजी प्रॉपची. (मी त्यांना मनातल्या मनात प्रॉपबुवा म्हणायचो. मान नावाचा अवयव त्यांना आहे की नाही ते बाहेरून कळत नसे. कान चुरगाळून परत उलगडलेल्या कागदासारखे.) बुवांनी लिहिलं होतं नुसतं 'फिन'. इंग्रजीत स्कॉटलंडच्या फिनला (रसेलला) शेवटी एन दोनदा, इंग्लंडच्या फिनला (स्मिथला) एकदा. बुवांच्या अक्षरात एक एन स्पष्ट होता आणि त्यापुढे पेन घसरल्यासारखी एक शेपटी. बुवांची गाडी उशिरा धावत होती, फोन लागत नव्हता. मी शेपटीकडे दुर्लक्ष केलं, स्मिथच्या नावापुढे तीन लिहिलं आणि तक्ता भिंतीवरच्या पडद्यावर लावून टाकला.

बुवा आले, कोट काढायच्या आत त्यांनी पडदा वाचला. "स्मिथ? मी रसेलला मत दिलंय!"

झालं. पुढचा पाऊण तास दहा नंबरवर. रसेल वर्ल्ड कपनंतर पॅरिसच्या रेसिंग 92 मधून बाथला आला. हाच बाथ 2021-22 मध्ये तळाला होता, आता दुसऱ्या क्रमांकावर. दुसरीकडे स्मिथ. वूस्टरचा क्लब 2022 च्या शरद ऋतूत पैशांअभावी बुडाला तेव्हा तो तिथे होता. तिथून नॉर्थम्प्टनला आला आणि बाविसाव्या वर्षी अव्वल संघाचा सुकाणू त्याच्या हातात. बाई म्हणाल्या, "रसेल सामना सजवतो, स्मिथ सामना चालवतो. मला नऊ नंबरवरून पास टाकायचा असता तर मी स्मिथकडे टाकला असता." बुवांनी कपाळ खाजवलं आणि म्हणाले, "मग राहू दे स्मिथ. माझं अक्षर माझ्यापेक्षा शहाणं निघालं." माझा जीव भांड्यात पडला, पण चिठ्ठीवर आडनावही लिहिणं सक्तीचं करावं हे मी वहीत टिपून घेतलं.

कोर्टनी लॉजचं उलटंच झालं. इंग्लंडकडून 105 कसोट्या, वय 35, आणि मोसमानंतर तो फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत ब्रीवला जाणार हे जाहीर झालेलं. त्याला बाहेर ठेवावं असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं. पण तो सहा नंबरवर, स्क्रमच्या कडेला, फ्लँकर म्हणूनही खेळायचा आणि दुसऱ्या रांगेत लॉकवरही, म्हणजे पाच नंबरवर. दोघांनी त्याला सहावर लिहिलं, दोघांनी पाचवर. चार मतं मिळूनही तो कुठेच निवडून येत नव्हता. शेवटी रेफरीसाहेबांनी विचारलं, "तो जास्त सामने कुठे खेळला?" मी आकडा सांगितला आणि प्रश्न मिटला. त्या दिवसात माझा आकडा निर्विवाद उपयोगी पडला तो एवढाच.

कारण त्यानंतर एका पत्रकाराने विंगवरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणाऱ्या खेळाडूंनी चेंडू घेऊन कापलेले मीटर मागितले. मी वाचून दाखवले. बाईंनी विचारलं, "यात 11 मे धरलाय का?" 11 मे म्हणजे नॉर्थम्प्टनने ग्लॉस्टरला 90-0 हरवलं तो सामना. ग्लॉस्टरची युरोपातल्या चॅलेंज कपची अंतिम लढत तोंडावर होती आणि त्यांनी नेहमीचे बरेच खेळाडू बसवून ठेवले होते. अर्थातच धरला होता. तो काढला तर यादीचा क्रम हलला. टॅकलचंही तसंच. न्यूकॅसल त्या मोसमात अठराच्या अठरा सामने हरलं. ज्यांच्याकडे चेंडूच नसतो त्यांच्या नावावर टॅकल साचतातच. आकडा मोठा असला तरी तो खेळाडूचा की त्याच्या संघाच्या हलाखीचा, हे आकडा सांगत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण लोकांसमोर बसून ऐकायला अवघड गेलं.

तोवर दुपार झाली आणि तीन नंबर आला.

तीन नंबर म्हणजे टाइटहेड प्रॉप. रग्बी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत डोकी अडकवून रेटा देतात. पुढच्या रांगेत डावीकडे लूजहेड (एक नंबर), मध्ये हूकर, उजवीकडे टाइटहेड. लूजहेडच्या डोक्याची बाहेरची बाजू मोकळी असते. टाइटहेडचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये, म्हणून दोन्ही खांद्यांवर भार. त्याच्या मागून आपल्याच संघाचा रेटा, पुढून समोरच्याचा. क्लब पैसा मोजताना या जागेला कंजुषी करत नाहीत, पण प्रेक्षक ज्याच्या नावाची जर्सी विकत घेत नाहीत तो हाच माणूस.

दोन मतं एकाला, दोन दुसऱ्याला. पाचवं, बुवांचं, तिसऱ्याच कुणाला. नावं सांगत नाही, ती खोलीतच राहावीत असं ठरलंय. बुवांचा माणूस माझ्या यादीत अकरावा होता.

मी ते सांगितलं. आवाजात थोडी ऐट असावी, कारण बुवांनी खुर्ची वळवली. "कशात अकरावा?"

"मिळवून दिलेल्या स्क्रम पेनल्टी."

"त्या कोणाच्या खात्यात टाकायच्या हे कसं ठरवतोस?"

मी आमचा नियम सांगितला. स्क्रम ज्या बाजूला कोसळला किंवा रेफरीने ज्या बाजूचा दोष सांगितला, त्या बाजूच्या आपल्या प्रॉपला श्रेय. रेफरीचा हात दिसतो, माइकवर आवाज ऐकू येतो, बटण दाबायचं. दोन सेकंदांचं काम.

बुवा म्हणाले, "याचे स्क्रम लाव."

माझ्याकडे त्याच्या संघाने मिळवलेल्या पेनल्टींच्या अकरा क्लिप होत्या, ज्यांचं श्रेय मी त्याच्याच संघाच्या, दुसऱ्या टोकाच्या लूजहेडला दिलं होतं. पहिली लावली. रेफरीचे आदेश: क्राउच, बाइंड, सेट. चेंडू आत गेला, समोरच्यांचा टाइटहेड गुडघ्यावर आला, रेफरीचा हात वर. माझ्या दृष्टीने स्वच्छ केस: आपल्या लूजहेडने त्याला पाडलं. बुवांनी क्लिप मागे घ्यायला लावली, अगदी सेटच्या क्षणापर्यंत, आणि बोट पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यावर ठेवलं.

"इकडे बघ. कोपर."

त्यांच्या माणसासमोरच्या लूजहेडचं कोपर जमिनीकडे झुकलं होतं. एक फ्रेम पुढे. त्याचं बूड बाहेरच्या बाजूला सरकलं. अजून एक. बुवांच्या माणसाची पाठ तशीच, टेबलासारखी सपाट. तो पुढे गेलाच नव्हता, जेमतेम एक पाऊल. पण त्याचा खांदा लूजहेड आणि हूकर यांच्या मध्ये पाचरीसारखा शिरला होता. पुढच्या फ्रेममध्ये हूकरची छाती वर उचलली गेली. आता पलीकडच्या टाइटहेडच्या शेजारी आधारच उरला नाही. तो एकटा पडला आणि मग कोसळला. मी बघत होतो तो शेवट. भिंत इकडे फुटली होती आणि मी तिकडे पडलेल्या विटा मोजत होतो.

अकरा क्लिप बघायला तास लागला. चहा गार झाला, एक पत्रकार फोन घ्यायला गेला तो बराच वेळ आला नाही. बुवांच्या मते अकरांपैकी सहा त्यांच्या माणसाच्या. मी वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हतो, पण रेफरीसाहेब होते. "या सहातल्या दोनमध्ये," ते शांतपणे म्हणाले, "मी पेनल्टी उलटी दिली असती. तुमचा माणूस सरळ रेटत नाहीये, आत वळतोय."

"आत वळत नाहीये, समोरचा त्याला ओढतोय!"

"ते तुम्हाला माहीत, कारण तुम्ही वीस वर्षं तिथे डोकं घातलंत. मी एका बाजूला उभा असतो. दुसरी बाजू मला दिसतच नाही, तिथून सहायकाचा आवाज येतो. कधी कधी मी अंदाजाने हात वर करतो."

खोली गप्प झाली. त्यांनी ते मुद्दाम म्हटलं नसावं, बोलता बोलता निसटलं असावं. पण मी पार खचलो. हा माणूस अंदाजाने हात वर करणार, तो हात बघून मी बटण दाबणार, आणि माझं बटण दशांशासकट तक्त्यात जाणार. तिसऱ्या टप्प्यावर कुणालाही तो अंदाज होता असं वाटणार नाही.

मतांची पुन्हा एक फेरी झाली. बाई बुवांकडे आल्या, बाकी तिघांनी आधीच्या दोघांपैकी एकावर जमवून घेतलं. तीन विरुद्ध दोन. बुवांचा माणूस गेला. बुवांनी फार मनाला लावून घेतलं नाही. "तीन नंबरला हे नवीन नाही," म्हणाले आणि कोट चढवला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबला. आपुलकीने असेल, पण दोन दिवस दुखत होता.

संध्याकाळी मला प्रत्येक खेळाडूसाठी एक ओळ लिहून द्यायची होती, आकड्यासह. चौदा ओळी पटापट झाल्या. तीन नंबरच्या ओळीपाशी अडलो. निवडून आलेल्या माणसाचा आकडा समोर होता, छान होता. पण तो कुठून आला हे त्या दुपारी मी पाहिलं होतं. शेवटी लिहिलं की मोसमभर त्याच्या बाजूचा स्क्रम मागे हटला नाही. संपादकांचा निरोप आला: इथे आकडा राहिलाय का? मी उत्तर दिलं, नाही, मुद्दाम नाही. त्यांनी माझ्या जुन्या तक्त्यातून उचलून आकडा टाकला. तोच छापला गेला.

8 जूनला ट्विकनहॅमवर अंतिम सामना झाला. बाथच्या लूजहेडला, बेनो ओबानोला, एकविसाव्या मिनिटाला उंच टॅकलसाठी लाल कार्ड मिळालं. तासभर चौदा जणांनी खेळूनही बाथ शेवटपर्यंत सामन्यात होतं. जॉर्ज हेंडी नावाचा बदली खेळाडू मुसंडी मारत गेला, त्यातून मिचेलने ट्राय केला (समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला) आणि नॉर्थम्प्टन 25-21 जिंकलं. हेंडी सामन्याचा मानकरी. आमच्या पाचपैकी एकाही चिठ्ठीवर त्याचं नाव नव्हतं. बुवांचा मेसेज आला: "बघ, आपण सगळेच अकरावे."

दुसऱ्या दिवशी तो सामना टॅग करायला बसलो. पहिला स्क्रम आला. कोसळला, रेफरीचा हात वर गेला. मी सवयीने बोट बटणावर नेलं आणि थांबलो. मागे घेतलं, कोपरं पाहिली, बुडं पाहिली, पुन्हा पाहिली. आधी दोन सेकंद लागायचे, आता सात मिनिटं गेली. तरी कळलं नाही.

मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'एक' आणि 'तीन' या बटणांशेजारी अजून एक बटण तयार केलं. त्याला नाव दिलं 'दिसलं नाही', आणि ते दाबून पुढच्या स्क्रमकडे गेलो.