साध्या कॅमेऱ्याने तारे टिपताना

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स) आणि ट्रायपॉड एवढ्यावर मृग नक्षत्र छान टिपता येतं. फोटो फसतो तो बहुतेकदा दोन कारणांनी: फोकस चुकतो, नाहीतर शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहतं.

अंधारात ऑटोफोकस नुसता पुढेमागे फिरत राहतो, म्हणून तो बंद. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवरही विसंबू नका. बऱ्याच लेन्सची रिंग त्या खुणेपलीकडे फिरते. व्याधासारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या थेट चित्रात, आणा, स्क्रीनवर दहापट मोठा करा आणि ठिपका सर्वांत बारीक होईपर्यंत रिंग केसभर इकडेतिकडे करा. मग रिंगवर चिकटपट्टी लावा. झूमला हात लागला की हे सगळं पुन्हा. गारठा वाढला तरी फोकस सरकतो, तेव्हा मधूनमधून तपासा.

शटरसाठी ‘५०० भागिले फोकल लेन्थ’ इतके सेकंद, हा नियम सगळे सांगतात. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर १८ मिमी लेन्स २७ मिमीसारखी धरायची, म्हणजे उत्तर साधारण १८ सेकंद. आजच्या बारीक पिक्सेलांना हा नियम फार सैल पडतो. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). २४ मेगापिक्सेल सेन्सरवर १८ मिमीला एक पिक्सेल सुमारे ४५ विकलांचा. १८ सेकंदांत तारा सहा पिक्सेल घसरून त्याची रेघ होते, १० सेकंदांत जेमतेम तीन. ५० मिमीला ३ सेकंदच ठेवा. मृग खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर) असल्याने तिथे घसरण सर्वांत जास्त. ध्रुवताऱ्याकडे कॅमेरा वळवलात तर दुप्पट वेळही चालतो.

बाकी सेटिंग सोपं: रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), मॅन्युअल मोड, छिद्र एफ ३.५, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विन, स्टॅबिलायझेशन बंद, २ सेकंदांचा टायमर. रात्र अमावस्येच्या आसपासची निवडा. अंधारात स्क्रीन फसवते, सगळंच उजळ दिसतं. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, उंचवटा डाव्या कडेपासून सुटलेला हवा.

१० सेकंदांची एकटी फ्रेम दाणेदारच येणार. आयएसओ चढवून ते सुटत नाही, फ्रेम वाढवल्याने सुटतं. सोळा फ्रेम एकावर एक रचल्या की नॉइज, म्हणजे हा दाणेदारपणा, चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून तीस-चाळीस तरी घ्या. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर दहा-पंधरा डार्क फ्रेम घ्या; सेन्सरचा स्वतःचा नॉइज रचताना त्यांवरून वजा होतो. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंदच ठेवा, नाहीतर प्रत्येक फ्रेममागे तेवढाच वेळ वाया जातो. रचण्यासाठी सिक्वेटर, डीप स्काय स्टॅकर, सिरिल ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. फोटोत झाडं किंवा डोंगर असतील तर सिक्वेटर बरं, कारण आकाशाचा भाग वेगळा आखून देता येतो.

फ्रेमागणिक तारे फुगत, धूसर होत गेले तर रिंगला हात लावण्याआधी काचेवर तिरका टॉर्च मारा. बहुधा दव असतं. पुसू नका, लगेच परत धरतं. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती गुंडाळा, तीही दव पडायच्या आधीच.