तीन हजारांचा चेक

टेक्ससमध्ये गृहकर्जांचे हप्ते सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या एस्क्रो विभागात मी काम करते. कर्जदाराच्या हप्त्यात मुद्दल आणि व्याजाखेरीज प्रॉपर्टी टॅक्सचा आणि विम्याचा बारावा हिस्साही असतो. तो आम्ही एस्क्रो नावाच्या वेगळ्या खात्यात साठवतो आणि बिल आले की त्यांच्या वतीने भरतो. वर्षातून एकदा या खात्याचा हिशेब नव्याने मांडून कर्जदाराला पत्र पाठवले जाते, आणि ते पत्र पोहोचले की आमचे फोन वाजू लागतात.

मार्च २०२५ मध्ये असाच एक फोन आला. पलीकडचे गृहस्थ मूळचे पुण्याचे होते आणि माझे आडनाव ऐकताच मराठीत बोलू लागले. “मॅडम, माझा व्याजदर तीस वर्षांसाठी फिक्स्ड आहे. मग हप्ता महिन्याला ६०४ डॉलरने कसा वाढला?” फिक्स्ड असतात ते फक्त मुद्दल आणि व्याज, हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी उच्चारते. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र नेमका होता. टॅक्स ८,४०० वरून ११,४०० झाला, म्हणजे ३,००० ने वाढला. त्याला बाराने भागले की २५० येतात, मग वरचे ३५४ कुठून आले?

हे गणित समजावून सांगायला मला मनापासून आवडते, कारण आमच्या पत्रात ते कुणालाही कळणार नाही अशा रीतीने छापलेले असते. डिसेंबरात आम्ही ११,४०० भरले, तेव्हा खात्यात तयारी होती ८,४०० ची. म्हणजे ३,००० ची तूट आली. संघराज्याच्या नियमानुसार वर्षभराच्या खर्चाचा जास्तीत जास्त सहावा हिस्सा, म्हणजे दोन महिन्यांची रक्कम, कुशन म्हणून राखता येते. टॅक्स वाढला की कुशनही वाढते, त्याचे ५००. शिवाय जानेवारी ते मार्च हे तीन हप्ते जुन्याच दराने, दरमहा २५० ने कमी, जमा झालेले होते, त्याचे ७५०. एकूण ४,२५०. ही रक्कम बारा महिन्यांवर विभागली की ३५४ होतात. कर वाढला की हप्त्यावर असा दुहेरी भार पडतो: पुढच्या वर्षाची तरतूद आणि मागच्या वर्षाची भरपाई.

पण एका वर्षात कर ३,००० ने का वाढावा? हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही. करखात्याकडून हजारो घरांच्या रकमांची फाइल येते आणि आमची यंत्रणा त्या भरून मोकळी होते. ‘जास्त का’ असे विचारणारा रकाना त्या फाइलमध्ये नाही. मी काउंटीच्या संकेतस्थळावर त्यांचे घर शोधले. २०२३ च्या ओळीत होमस्टेड सवलत होती, २०२४ च्या ओळीत नव्हती.

मालक स्वतः राहत असलेल्या घराला ही सवलत मिळते. शाळांच्या करासाठी ती नोव्हेंबर २०२३ च्या मतदानाने ४० हजारांवरून १ लाख डॉलरवर गेली होती, म्हणजे घराच्या किमतीतले १ लाख डॉलर त्या करातून वगळले जात होते. सवलतीबरोबरच करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढू न देणारी मर्यादाही मिळते. सवलत गेली की तीही जाते. २०२३ मध्येच कायदा बदलला आणि करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या अॅप्रेजल डिस्ट्रिक्टने दर पाच वर्षांतून एकदा तरी सवलतीची पडताळणी करावी, असे ठरले. त्यासाठीचे पत्र या गृहस्थांनाही आले होते आणि त्यांनी ते फाडून टाकले होते. त्यांना दोष कसा द्यावा? विनामूल्य भरता येणारा हाच अर्ज फी घेऊन भरून देऊ, अशी सरकारी शिक्का असल्यासारखी पत्रे इथे नव्या घरमालकाच्या पेटीत येत असतात.

मी विचारले, “पुण्याच्या घराचा पीटी-३ भरलाय का?” ते हसले. स्वतः राहत असलेल्या घराला घरपट्टीत मिळणारी ४० टक्के सवलत राखण्यासाठी त्यांच्या वडिलांनी महापालिकेत रांगेत उभे राहून तो अर्ज दिला होता. “हा तसाच समजा,” मी म्हणाले. कर थकीत ठरण्याच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत उशिरा अर्ज करता येतो. त्यांच्या लायसन्सवर पत्ताही याच घराचा होता. “अर्ज करा, जास्त भरलेले पैसे परत येतील.” त्यांनी त्याच रात्री अर्ज केला.

मे महिन्यात ते पुन्हा फोनवर आले, आणि या वेळी आवाज चढलेला होता. सवलत मंजूर झाली होती, सुधारित बिल त्यांनी आम्हाला पाठवले होते, आम्ही हिशेब पुन्हा केला होता, तरीही जूनपासूनचा हप्ता जुन्यापेक्षा १४९ ने जास्तच होता. मी खाते उघडले. वर्षाची तरतूद पुन्हा ७०० वर आली होती, पण डिसेंबरातली ३,००० ची तूट तशीच होती. एप्रिल आणि मेच्या वाढीव हप्त्यांतून १,२०८ वजा जाऊन १,७९२ उरले होते. परतावा आमच्याकडे आलाच नव्हता. उशिरा मंजूर झालेल्या सवलतीचा परतावा कायद्याप्रमाणे घरमालकाच्या नावाने निघतो, कर एस्क्रोतून भरलेला असला तरी.

“काउंटीकडून एखादा चेक आला होता का?” पलीकडे काही क्षण शांतता होती. आला होता, ३,००० चा. तो दिवस आयकराच्या परताव्यांच्या हंगामातला होता. त्यांनी तोच समजून बँकेत भरला आणि आईवडिलांची इकडे येण्याची तिकिटे काढली.

मी त्यांना सांगितले की पूर्ण ३,००० पाठवायची गरज नाही, १,७९२ पुरेत. जास्त पाठवले तर १,२०८ ची शिल्लक आम्हालाच परत करावी लागेल. त्यांना एकरकमी जमले नाही आणि ते वर्षभर १४९ भरायला तयार झाले. फोन ठेवताना त्यांनी माझे आभारही मानले, ते मला आजही बोचतात. आमच्या ठरावीक संवादात ‘अॅप्रेजल डिस्ट्रिक्टशी संपर्क साधा’ एवढेच लिहिलेले असते आणि माझे बरेच सहकारी तेवढेच बोलून फोन ठेवतात. त्यांच्यापेक्षा आपण दोन पावले पुढे गेलो, याचा मार्चमध्ये मला अभिमान वाटला होता. पैसे परत येतील असे मी म्हणाले. पण ते तुमच्या नावाने येतील आणि त्यांतून खात्यातली तूट भरायची आहे, हे मला माहीत असूनही माझ्या तोंडून निघाले नाही. त्या संवादात हे वाक्य घालावे म्हणून मी वरिष्ठांना लिहिले. ‘कराविषयी सल्ला देणे आपल्या कक्षेत येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. आता परताव्याचे ते वाक्य मी माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवले आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी ही सवलत १ लाख ४० हजारांवर नेली आणि ती त्याच वर्षाच्या बिलाला लागू झाली. २०२६ च्या हिशेबात त्यांच्या खात्यात शिल्लक निघाली. ५० डॉलर किंवा त्याहून जास्त शिल्लक परत करावीच लागते, म्हणून चेक गेला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी तो चेक बँकेत भरला नव्हता.

“मॅडम, हा तरी माझाच ना?”