चुकीचे वॉल्श

डाक आवृत्तीत, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या लवकरच्या अंकात, आम्ही एका नटाच्या निधनाच्या बातमीला दुसऱ्याच नटाचा फोटो लावला. आम्ही म्हणजे मीच. पान माझं होतं, प्रिंटवर सही माझी होती, आणि त्या दोघांचेही सिनेमे पाहिलेला डेस्कवर मी एकटाच होतो.

२१ मार्च २०२४, गुरुवार. एका मराठी दैनिकात रात्रपाळीला मी देश-विदेशचं पान लावतो. बाहेरच्यांना वाटतं आम्ही रात्रभर बातम्या लिहितो. खरं तर आम्ही त्या कापतो. जाहिरात वाढली की कापायच्या, मथळा मोठा झाला की कापायच्या, आणि शेवटी उरलेल्या खड्ड्यात काहीतरी कोंबायचं.

हॉलिवूडचे नट एम. एमेट वॉल्श १९ तारखेला अमेरिकेत व्हरमाँटमध्ये गेले. संध्याकाळच्या बैठकीत मी त्यांच्यासाठी तीन कॉलम मागितले. वृत्तसंपादकांनी विचारलं, ‘‘कोण हे?’’ मी मोबाइलवर चेहरा दाखवला. ‘‘अरे, ह्यांना पाहिलंय की! कशात बरं?’’ मोबाइल टेबलाभोवती फिरला. चौघांनी चेहरा ओळखला, कशात पाहिला ते एकालाही सांगता येईना. मी म्हटलं, हाच त्या माणसाचा धंदा होता. ह्या एका वाक्यावर तीन कॉलम पदरात पडले. जाहिरात विभागाला पत्ता लागला नव्हता तोवर तरी.

एजन्सीची कॉपी भाषांतर होऊन आली, त्यात ‘ज्येष्ठ चरित्र अभिनेते’ असं लिहिलं होतं. पोरगं नवीन आहे, त्याची चूक नाही. कोशातही तेच सापडतं. पण आपल्याकडे चरित्र अभिनेता म्हणजे मुलीच्या लग्नासाठी पगडी काढणारा बाप. अमेरिकेत कॅरेक्टर अ‍ॅक्टर ही वेगळीच जात आहे. वय काहीही असो, तो तीन मिनिटांसाठी येतो आणि तेवढ्यात त्या माणसाचं गाव, पगार आणि घरची भांडणंसुद्धा तुम्हाला कळतात. अर्धा तास मी शब्द शोधला. ‘सहायक अभिनेता’ म्हणजे पुरस्काराचा विभाग वाटतो. शेजारचा म्हणाला, ‘‘हॉलिवूडचे निळू फुले लिही आणि मोकळा हो.’’ त्या थोर माणसालाही आम्ही डेस्कवाल्यांनी विशेषण करून टाकलंय. शेवटी ‘अभिनेते’ एवढंच ठेवलं.

मग वय. जन्म २२ मार्च १९३५, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्गचा. वर्षांची नुसती वजाबाकी केली की ८९ येतात. खरे ८८, वाढदिवसाला तीन दिवस कमी. मग नाव. एम म्हणजे मायकेल. पण ‘एम. एमेट’ हे प्रूफवाल्यांना अडखळून दोनदा टाइप झाल्यासारखं वाटतं. त्यांनी एक एम उडवला, मी परत घातला, त्यांनी परत उडवला. मग मथळा. तिथे आमच्या ऑनलाइनवाल्यांचा लाडका शब्द हजर होता : ‘ब्लेड रनर’फेम. त्या सिनेमात वॉल्श किती वेळ दिसतात? हॅरिसन फोर्डला कामावर परत बोलावणारे कॅप्टन ब्रायंट, एवढंच. त्यातही त्यांच्या तोंडी हिशेबाची चूक आहे. सहा रेप्लिकंट, म्हणजे कृत्रिम माणसं, पळाले, एक विजेने जळाला, म्हणजे राहिले पाच. आणि सिनेमाभर शिकार चालते चौघांची. १९८२ची ही चूक २००७च्या ‘फायनल कट’ ह्या सुधारलेल्या आवृत्तीत दुरुस्त झाली, जळालेले एकाचे दोन झाले. ही गंमत मी मोठ्या प्रेमाने बातमीत घातली होती. दुसऱ्याच्या चुकीवर लिहिताना आपला हात कसा सैल सुटतो!

ती कॉपी मात्र खरंच चांगली झाली होती. मी सुरुवात ‘ब्लड सिंपल’पासून केली. १९८४चा, दिग्दर्शक कोएन बंधूंचा पहिला सिनेमा. ‘स्ट्रेट टाइम’ ह्या सिनेमात वॉल्शना पाहून त्यांनी ही भूमिका त्यांच्यासाठीच लिहिली. टेक्सासमधला भाडोत्री गुप्तहेर. फिकट पिवळा सूट, डोक्यावर काउबॉय हॅट, खाली फोक्सवॅगन बीटल. चेहऱ्यावर कायम घाम आणि आपण फार विनोदी आहोत असा समज. लायटर मेलेल्या मासळीखाली विसरून जातो आणि तिथून पुढचा घोळ सुरू होतो. शेवटाकडे खिडकीतून पलीकडे घातलेल्या त्याच्या हातात सुरी घुसते आणि हात चौकटीला खिळला जातो. तो काय करतो? दुसऱ्या हाताने मधली भिंत फोडून स्वतःचाच हात शोधत येतो. अगदी शेवटी गोळी लागून बाथरूमच्या फरशीवर उताणा पडलेला असताना वर बेसिनच्या खालच्या पाइपाला पाण्याचा थेंब लोंबतोय, आणि हा माणूस मरता मरता त्याच्याकडे बघतोय. त्या बघण्यात भीती नाही; नळ गळतोय की काय, असं बघणं. त्या कामाला १९८६ साली पहिल्याच इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. दोनशेवर भूमिका केल्या त्या बाजूला उभं राहून, आणि पुरस्कार प्रमुख म्हणून.

नऊच्या सुमाराला दिल्लीत केजरीवालांना ईडीने अटक केली.

पुढचं वर्तमानपत्रात काम केलेल्यांना सांगायला नको. पान एक उचकटलं, तिथल्या दोन बातम्या माझ्या पानावर आल्या, माझ्या तीन कॉलमांचा एक कॉलम झाला. मासळीखालचा लायटर गेला, थेंब गेला, ब्रायंटचा हिशेब गेला. ऐंशी शब्द राहिले. लेआउटवाला ओरडला, ‘‘फोटो?’’ मी मान वर न करता म्हणालो, ‘‘वॉल्श टाकून शोध.’’ त्याने लायब्ररीत वॉल्श टाकलं, पहिला आला तो उचलला. प्रिंट आली. मी मथळा वाचला, वय तपासलं, खाली सही केली. फोटोकडे पाहिलंसुद्धा. टकलाकडे झुकलेला, साठीकडचा, गोरा, ओळखीचा चेहरा. आहे की.

बाराला खाली टपरीवर चहा घेताना डोक्यात आलं, वॉल्शनी गणवेश कधी घातला होता? तोही लष्करी, छातीवर पट्ट्या असलेला? कप तसाच ठेवून जिने चढलो. गणवेश ‘अ फ्यू गुड मेन’मधला होता आणि आतला माणूस होता जे. टी. वॉल्श. तेही वॉल्श, तेही अमेरिकन, तेही तीन मिनिटांत जीव ओतणारे. १९९८ साली ५४व्या वर्षी गेले. म्हणजे बिचाऱ्यांचं निधन आम्ही सव्वीस वर्षांनी पुन्हा छापलं. डाक आवृत्तीच्या गाड्या केव्हाच सुटल्या होत्या.

शहर आवृत्तीला अजून वेळ होता. योग्य फोटो एजन्सीच्या साइटवर होता, पण त्या रात्री लॉगिन चालत नव्हतं. (ते चालतं तेव्हाच बातमी होईल.) मी फोटो काढूनच टाकला. सहा ओळींची जागा मोकळी झाली. तिथे समीक्षक रॉजर ईबर्ट यांचा नियम बसवला : सहायक भूमिकेत हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श असतील, तो सिनेमा अगदीच वाईट असू शकत नाही. ‘स्ट्रेट टाइम’मध्ये दोघेही आहेत, हेही बसलं. तीन वर्षांचे असताना शस्त्रक्रियेनंतर डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, तरी आयुष्य दुसऱ्यांच्या संवादांना उत्तरं देण्यात गेलं, हे बसत होतं. पण एक ओळ जास्त झाली म्हणून काढलं.

म्हणजे एकूण हिशेब असा. तालुक्यांतल्या वाचकांनी बातमी वाचली आणि भलताच माणूस पाहिला. शहरातल्यांनी कोणालाच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुपारीच ऑफिसला गेलो, शिव्या खायच्या तयारीने. वृत्तसंपादकांनी डाक आवृत्ती उघडली, तो फोटो पाहिला आणि म्हणाले, ‘‘छान घेतलीस रे बातमी.’’ हे तेच, ज्यांनी आदल्या संध्याकाळी मोबाइल हातात धरून ‘अरे, ह्यांना पाहिलंय की’ म्हटलं होतं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा पाहिलं, चष्मा वर करून. ‘‘हे नाहीत ते?’’ मग जरा वेळाने, ‘‘पण ह्यांनाही पाहिलंय मी.’’

आपल्याकडच्या एखाद्या नटाच्या बाबतीत हे झालं असतं तर सकाळी सातपासून फोन खणखणले असते, कोणीतरी मोर्चासुद्धा आणला असता. त्या दिवशी जिल्ह्यांतून तीन फोन आले. तिन्ही शब्दकोड्याबद्दल. आठ उभे चुकलं होतं.

खुलासा छापावा असं मी म्हटलं. ‘‘कोणी विचारलंय का?’’ असं उत्तर आलं. मी गप्प बसलो, आणि तेच मला अजून खुपतंय. लायब्ररीतल्या त्या फोटोला नाव मात्र मी नीट दिलं, जे. टी., साल, सिनेमा. एम. एमेट यांचा फोटो घेऊन तोही शेजारी ठेवला : पिवळा सूट, घाम, हसू. नाव टाकताना संगणकाने एक एम लाल रेघेने अधोरेखित केला.